नदीची वहिवाट

वैशाखात कोल्हापूरच्या घाटावर उभे राहून पंचगंगेकडे पाहावे. पाणी संथ, पात्र अरुंद आणि पलीकडे उसाची हिरवी शेते. अशा दिवसांत काठापासून बऱ्याच अंतरावरचे एखादे मोकळे रान दाखवून कोणी आपल्याला विचारले, "येथे घर बांधावे का?" तर आपण बेधडक "बांधावे" असेच सांगू. नदी कोठे, हे रान कोठे!

वस्तुतः ते रान नदीनेच घडवलेले असते. सह्याद्रीवर पडलेला पाऊस कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती या नद्यांच्या वाटेने पंचगंगेत उतरतो आणि पंचगंगा पुढे नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. कृष्णाच तुडुंब भरलेली असली, म्हणजे पंचगंगेचे पाणी तुंबते आणि ती आडवी पसरू लागते. हजारो पावसाळे ती अशी पसरली. दर वेळी गाळाचा एक थर मागे ठेवून गेली. जमिनीवरील जुन्या चालत आलेल्या हक्काला आपल्याकडे वहिवाट म्हणतात. या रानावर माणसाची वहिवाट काही पिढ्यांची असेल. नदीची त्याच्या कितीतरी आधीची आहे.

आपल्या पूर्वजांनी ही वहिवाट मानली होती. गावाच्या जमिनीचे ते दोन भाग करीत, काळी आणि पांढरी. काळीत पिके घ्यावयाची आणि पांढरीत घरे बांधावयाची. नृसिंहवाडीचे दत्तमंदिर मात्र अगदी नदीकाठी आहे. पण तेथे पाण्याला अडवण्याचा हट्ट नाही. पूर चढला, की पाणी मंदिरात शिरते आणि पादुकांवरून वाहत दक्षिणेच्या दाराने बाहेर पडते. त्याला दक्षिणद्वार सोहळा म्हणतात आणि त्या वेळी स्नानासाठी लोकांची गर्दी होते. पाणी आणखी वाढले, तर उत्सवमूर्ती उंच जागी हलवतात. देवाचे बिऱ्हाडही नदीच्या सोयीने हलते, हे मला मोठे शहाणपणाचे वाटते.

आज हे शहाणपण कायद्याच्या भाषेत लिहावे लागते. महाराष्ट्राच्या पाटबंधारे खात्याने 1989 साली नदीकाठच्या जमिनीसाठी दोन रेषांचा नियम घालून दिला. सरासरीने पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पूर जेथवर पोहोचतो, तेथे साधारणपणे निळी रेषा. शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर जेथवर पोहोचतो, तेथे लाल रेषा. निळ्या रेषेच्या आत घरे नकोत. शेती, बाग, क्रीडांगण असे मोकळे उपयोग चालतील. निळ्या आणि लाल रेषांच्या मध्ये बांधकाम करावयाचे, तर अटी पाळूनच. घराचे जोते पुराच्या पातळीहून उंच हवे. रेषा आखण्याचे काम आजच्या जलसंपदा विभागाचे. बांधकामाला परवानगी देताना ती पाळण्याची जबाबदारी महानगरपालिका, नगरपालिका अशा संस्थांची.

'पंचवीस वर्षांतून एकदा' या शब्दांनी मात्र पुष्कळांची फसगत होते. पूर एकदा येऊन गेला, की पुढची चोवीस वर्षे तो येणार नाही, असा त्याचा अर्थ नव्हे. दर वर्षी पंचविसांत एक इतकी त्याची शक्यता असते. एखादे घर तीस वर्षे उभे राहिले, तर त्या काळात असा पूर एकदा तरी येण्याची शक्यता शंभरात सुमारे सत्तर भरते! कोल्हापूरला राजाराम बंधाऱ्यापाशी पाण्याची उंची मोजतात. तेथे 43 फूट ही धोक्याची पातळी आहे. 2019 साली पाणी 55 फुटांच्या वर गेले आणि दोनच वर्षांनी, 2021 साली, पुन्हा तितकेच चढले.

या नियमावर रागावलेले लोक आहेत आणि त्यांचे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही. शहर वाढत वाढत शेताच्या बांधाशी येते. शेजाऱ्याची जमीन रेषेबाहेर, म्हणून तिला सोन्याचा भाव; आपली रेषेच्या आत, म्हणून तिला कोणी विचारीत नाही. मुलीचे लग्न, मुलाचे शिक्षण या जमिनीवर करण्याचे ज्याने मनात योजले होते, त्याला ही रेषा घरावरून नांगर फिरवल्यासारखी वाटली, तर त्याला दोष कसा द्यावा? त्याचे नुकसान एकट्याने सोसण्याजोगे नाही. सर्वांच्या रक्षणासाठी जो जमीन मोकळी ठेवतो, त्याला सर्वांनी मिळून भरपाई द्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

परंतु "माझी जमीन, मी भराव घालीन, नाही तर बुडेन" हे म्हणणे मात्र मान्य करता येत नाही. कारण बुडणारा तो नसतो. एक एकर जमिनीवर सहा फूट उंच भराव घातला, तर सुमारे 74 लाख लिटर पाण्याची जागा नाहीशी होते. ते पाणी कोठे जाईल? काठोकाठ भरलेल्या घंगाळात दगड टाकून पाहा. भराव घालणाऱ्याचे अंगण कोरडे राहते आणि आजवर ज्याच्या उंबऱ्याला पाणी लागले नव्हते, त्याच्या घरात ते शिरते. भराव रस्त्यासाठी आणि सरकारी असला, म्हणून पाणी त्याची गय करीत नाही. म्हणून नियमही करू नये.

पुराला बांधकामे हे एकच कारण आहे, असे मी म्हणत नाही. अतिवृष्टी आहे, धरणांतून सोडलेले पाणी आहे. पण आकाशातला पाऊस नगरपालिकेच्या हातात नाही. घराचा परवाना तिच्या हातात आहे.

आणखी एक गोष्ट करावी. रेषा नकाशावर असते आणि नकाशा कचेरीत. जमीन घेणारा माणूस येतो उन्हाळ्यात, सुट्टीच्या दिवशी, घरच्या माणसांना बरोबर घेऊन. त्याला कोरडे रान, आखलेले रस्ते आणि स्वस्त भाव एवढेच दिसते. गावोगावी शिवारात निळे आणि लाल दगड रोवावेत, माणसाच्या उंचीचे, आणि त्यांवर 2019 आणि 2021 सालचे पाणी कोठवर आले होते त्याची खूण करावी. रान पाहायला आलेल्या त्या कुटुंबातील एखादे मूल त्या खुणेला हात लावील, टाचा उंचावूनही हात पुरला नाही, तर वडिलांना हाक मारील.