विश्लेषण : बुडून मृत्यू की मृत्यूनंतर पाण्यात? डायटम चाचणी नेमके काय सांगते?

५ मार्च २०२१ रोजी मुंब्र्याच्या खाडीत एका व्यावसायिकाचा मृतदेह सापडला. उद्योगपती मुकेश अंबानी यांच्या घराजवळ सापडलेल्या स्फोटकांच्या मोटारीशी त्याचा संबंध होता. आत्महत्या की खून, या वादात ‘डायटम चाचणी’ हा शब्द घराघरांत पोहोचला. पुढे ‘एनआयए’ने हा खून असल्याचे सांगत आरोपपत्र दाखल केले.

डायटम म्हणजे काय?

नदी, तळे, विहीर, खाडी, समुद्र अशा ठिकाणी आढळणारे हे एकपेशीय शैवाल. ते फक्त सूक्ष्मदर्शकाखालीच नीट दिसते. त्याचे कवच सिलिकाचे, म्हणजे काचेसारखे असते. त्यामुळे मृतदेह कुजला तरी ते टिकते.

चाचणी कशी होते?

बुडणारी जिवंत व्यक्ती श्वासासोबत पाणी आत ओढते. पाण्यातले डायटम फुफ्फुसातून रक्तात शिरतात आणि हृदय सुरू असल्याने यकृत, मूत्रपिंड, अस्थिमज्जेपर्यंत पोहोचतात. मृतदेह पाण्यात टाकला तर पाणी फुफ्फुसात शिरू शकते, पण रक्ताभिसरण थांबलेले असल्याने डायटम सहसा पुढे जात नाहीत. म्हणूनच मांडीच्या हाडातील मज्जा महत्त्वाची ठरते. ती तीव्र आम्लात विरघळवली की कवचे उरतात. घटनास्थळाच्या पाण्यातील डायटमशी ती ताडून पाहिली जातात. प्रजाती जुळल्या नाहीत, तर व्यक्ती दुसरीकडे बुडाल्याची शंका येते.

मर्यादा कोणत्या?

पाण्यात डायटम कमी असतील किंवा मृत्यू झटकन झाला असेल, तर बुडूनही ते मज्जेत सापडत नाहीत. उलट, प्रयोगशाळेतील पाणी वा भांडी दूषित असतील, तर नसलेले डायटमही ‘सापडतात’. ऋतूनुसार त्यांचे प्रमाण बदलते. त्यामुळे पाण्याचा नमुना त्याच जागेचा आणि वेळेत घेतलेला असावा लागतो.

मग खून की आत्महत्या, हे कळते का?

नाही. चाचणी सकारात्मक आली, तर पाण्यात पडताना व्यक्ती जिवंत होती, एवढाच अंदाज बांधता येतो. ती स्वतः उतरली, पाय घसरला, की बेशुद्ध करून ढकलली गेली, हे डायटम सांगत नाहीत. त्यासाठी शवविच्छेदन, अंगावरच्या जखमा, मोबाइलचे लोकेशन, सीसीटीव्ही आणि साक्षीदार लागतात. ‘डायटम सापडले, म्हणजे घातपात नाही’ असा संदेश व्हॉट्सअ‍ॅपवर आला, तर तो अर्धवट आहे.