आडनावाआडची जात

‘आपले आडनाव काय?’ हा प्रश्न मराठी समाजात सहज विचारला जातो. पण तो दर वेळी निर्हेतुक असतोच असे नाही. उत्तराने समाधान झाले नाही, तर ‘मूळ गाव कोणते?’ हा पुढचा प्रश्न येतो आणि ‘म्हणजे नेमके कोण?’ हा तिसरा ओठांवर थबकतो. घर भाड्याने देताना, स्थळ पाहताना, कचेरीत नवा सहकारी रुजू होताना ही चौकशी सुशिक्षित घरांतूनही चालू असते.

वस्तुतः या चौकशीला इतिहासाचा आधार नाही. पाटील, देशमुख, कुलकर्णी, देशपांडे ही मुळात वतनांची नावे. पाटील मराठा आहेत, तसेच आगरी, माळी, लिंगायत आणि जैनही आहेत. देशमुख मराठा आहेत आणि ब्राह्मणही. पवार, जाधव, मोरे, गायकवाड ही आडनावे तर राजघराण्यांपासून गावकुसाबाहेर लोटल्या गेलेल्या वस्त्यांपर्यंत सर्वत्र आढळतात. जातींच्या भिंती उभ्या राहिल्या, तरी समाज मुळात एकच होता, याची ही जिवंत साक्ष होय.

आडनाव म्हणजे जात नव्हे, हे शासनालाही अनुभवाने कळले. २०११ च्या सामाजिक, आर्थिक व जात सर्वेक्षणात जातीच्या रकान्यात पोटजात, कुळ, गोत्र आणि आडनाव यांची सरमिसळ झाली. १९३१ च्या जनगणनेत ४,१४७ जाती नोंदल्या गेल्या होत्या. या सर्वेक्षणात तो आकडा ४६ लाखांवर गेल्याचे केंद्र सरकारने २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात सांगितले. जनगणनेत जातींची नोंद करण्याचा निर्णय केंद्रीय मंत्रिमंडळाच्या राजकीय व्यवहार समितीने ३० एप्रिल २०२५ रोजी घेतला. ती नोंद वंचितांपर्यंत न्याय पोहोचविण्यासाठी व्हावी, समाज विभागण्यासाठी नव्हे. आणि आडनाव ऐकून जात गृहीत धरण्याचा मोह नोंद करणाऱ्याने कटाक्षाने टाळावा.

मग आडनावेच टाकून द्यावीत काय? १९७४ च्या बिहार आंदोलनात जयप्रकाश नारायण यांच्या प्रेरणेने अनेक तरुणांनी जातिवाचक आडनावे सोडली. त्यांचा हेतू उदात्त होता. परंतु बिहारच्या राजकारणातून जात गेली नाही. पाटी बदलल्याने घर बदलत नाही. आजही काही तरुण राजपत्रात जाहिरात देऊन आडनाव बदलतात. त्यांना हसण्याचा अधिकार कोणालाही नाही. पूर्वजांचे नाव लपविण्याची वेळ ज्याच्यावर येते, तो दोषी नसतो. ती वेळ आणणारा समाज दोषी असतो.

अस्पृश्यता पाप नसेल, तर जगात काहीच पाप नाही, असे बाळासाहेब देवरसांनी १९७४ साली पुण्याच्या वसंत व्याख्यानमालेत निःसंदिग्धपणे सांगितले. संघशाखेत नावापुढे ‘जी’ लावून हाक मारतात. आडनावाची गरज पडत नाही. ही रीत मैदानावर सोपी आहे. तिची खरी कसोटी घरात, पंगतीत आणि मुलामुलींच्या विवाहाच्या बोलणीत लागते. तेथे आडनाव ऐकून चेहरा बदलत असेल, तर समरसतेची भाषणे व्यर्थ होत. आडनावे राहोत, त्यांच्याआड दडलेली उच्चनीचता मात्र जायलाच हवी.