खुब्याचे ऑपरेशन आणि गोळ्यांचा हिशेब



हंगाम संपून उसाची बिले हाती आली, की घरातील वडीलधाऱ्यांचा खुबा बदलून घेण्याचा विषय निघतो. ऑपरेशन सोलापूरला सिव्हिलमध्ये असो वा खाजगी दवाखान्यात, आमचे सांगणे एकच : दुखण्यावर घेतलेल्या प्रत्येक गोळीचा हिशेब आधी डॉक्टरांपुढे मांडा.

खुबा धरला की दुकानातून डायक्लोफिनॅक आणायचे, नाहीतर कुणाची तरी पुडी, हा आपला रिवाज. हेच औषध टोचलेली मेलेली जनावरे खाऊन गिधाडांची मूत्रपिंडे निकामी झाली. म्हणून २००६ साली जनावरांसाठी ते बंद करण्यात आले. माणसाच्या मूत्रपिंडाला आणि जठरालाही ते बाधू शकते. शिवाय रक्तस्राव वाढतो, म्हणून ऑपरेशनच्या काही दिवस आधी डॉक्टर ते थांबवितात. पुडीत स्टेरॉईड असेल तर जखम चिघळण्याचा धोका. मात्र स्टेरॉईड किंवा हृदयासाठीची ॲस्पिरिन आपल्या मनाने बंद करू नये.

ऑपरेशननंतर उलटीच तऱ्हा! "सोसतो की, गोळी कशाला?" म्हणत गडी पडून राहतो. चालणे लांबले की पायात रक्ताची गुठळी होण्याची भीती. तेव्हा सांगितलेली गोळी वेळेवर घ्यावी आणि चालावे. पॅरासिटामॉल ५०० च्या गोळ्या दिवसाला आठाच्या वर कधीच नाहीत. अशक्त माणसाला त्याहून कमी. सर्दीच्या गोळीतही बहुधा तेच असते, तेही धरावे.

तणनाशक आपण पंपागणिक मोजून घालतो. मग घरच्या माणसाची गोळीच तेवढी अंदाजाने का?

— ऊस विकास अधिकारी