गिटारचा सोलो आणि आपले कान

महाविद्यालयांच्या स्नेहसंमेलनात बँडचा कार्यक्रम आता हमखास असतो, आणि दुसऱ्या दिवशी प्राध्यापक-कक्षात झडणारी चर्चाही ठरलेलीच असते. 'विजेच्या जोरावर केलेल्या गोंगाटाला कला कोण म्हणेल?' असे आमचे ज्येष्ठ सहकारी विचारतात. मुलांची तक्रार वेगळी असते : 'सर, सोलो ऐकूच आला नाही. पुढच्या वर्षी मोठा ॲम्प्लिफायर हवा.' हे दोन्ही पक्ष आम्हांला एकाच चुकीचे वाटेकरी वाटतात. सोलो म्हणजे इतरांहून मोठा आवाज, हे दोघांनीही गृहीत धरले आहे. आमचा आक्षेप या गृहीतकालाच आहे.

प्रथम मुलांच्या मागणीचा हिशेब मांडू. ५० वॉटऐवजी १०० वॉटचा ॲम्प्लिफायर आणला, तर पातळी वाढते केवळ ३ डेसिबलने. आवाज दुप्पट भासायला साधारण १० डेसिबल, म्हणजे दहापट शक्ती लागते. शिवाय गिटार चढली की ड्रम चढतो, ड्रम चढला की गायक ओरडू लागतो. या चढाओढीत सोलो पूर्वी होता तिथेच बुडालेला राहतो.

तो बुडतो याचे कारण बहुधा स्वरगुणात, मुलांच्या भाषेत 'टोन'मध्ये, असते. घरी एकट्याने वाजवताना खर्जाकडची आणि अतितार कंपने वाढवून मधली कमी केली की नाद भरदार वाटतो. रंगमंचावर मात्र खर्जाचा प्रदेश बास गिटारने आणि मोठ्या ड्रमने व्यापलेला असतो, तर वरचा झांजांनी. गिटारची हक्काची जागा मध्यावर, आणि तीच वादकाने आपल्या हाताने सोडून दिलेली असते!

जाणत्या वादकांनी हे केव्हाच ओळखले होते. १९६०च्या दशकात ब्रिटनमध्ये 'डॅलस रेंजमास्टर' नावाची एक छोटी पेटी निघाली. आत एकच ट्रान्झिस्टर. ती सगळा आवाज सरसकट वाढवत नसे. खर्ज मागे ठेवून वरची कंपने पुढे आणत असे. रोरी गॅलाघरने ती 'व्हॉक्स एसी-३०' या ॲम्प्लिफायरला जोडून वापरली. ब्रायन मेनेही त्याच ॲम्प्लिफायरपुढे याच जातीचा बूस्टर ठेवला. पुढे स्टीव्ही रे व्हॉनच्या पायाशी असलेल्या 'ट्यूब स्क्रीमर'नेही खर्ज छाटून मध्य उचलण्याचेच काम केले. महत्त्व किती वाढवले यापेक्षा काय वाढवले याला आहे.

आणि कुठे वाढवले, यालाही. आधीच विकृतीच्या टोकाला पोचलेल्या ॲम्प्लिफायरच्या पुढ्यात बूस्ट ठेवला, तर नादाची धार आणि लांबी वाढते, आवाज फारसा वाढत नाही. खरोखर आवाज वाढवायचा असेल तर तो विकृतीच्या टप्प्यानंतर, 'इफेक्ट्स लूप'मध्ये जोडावा लागतो. पेटीच न घेता हे साधायचे, तर साथीला गिटारवरची कळ सातावर ठेवावी, सोलोला दहावर न्यावी, आणि इतरांनी तेवढ्यापुरते मागे सरावे.

आता आमच्या सहकाऱ्यांविषयी. १९३९ साली चार्ली ख्रिश्चन बेनी गुडमनच्या ताफ्यात दाखल झाला. तोवर अशा मोठ्या ताफ्यांत गिटारचे काम प्रामुख्याने ताल धरण्याचे असे. फुंकवाद्यांपुढे एका तारेवरची सुरावट टिकणार कशी? विजेने ती टिकवली, आणि सॅक्सोफोनसारखी प्रवाही वाक्ये गिटारवर बोलू लागली. ही उसनी ताकद नव्हे, ही नवी अभिव्यक्ती आहे. ध्वनिक्षेपकामुळेच भावगीताला कुजबुजीइतका हळवा स्वर परवडला, त्याला आपण कधी गोंगाट म्हटले नाही. मग गिटारनेच काय पाप केले?

माध्यम हे आशयावर चढवलेले वस्त्र नव्हे, असे आपण वर्गात वर्षानुवर्षे शिकवतो. मर्ढेकरांच्या लयविचारातील संवाद, विरोध आणि समतोल ही त्रयी फळ्यावर लिहितो. चांगला सोलो नेमका याच तत्त्वांवर उभा असतो : साथीशी विरोध, पण तोल न ढळू देता. वर्गात जे मान्य, ते सभागृहात अमान्य का?

हा केवळ अभिरुचीचा वाद नाही. अमेरिकेतील 'नायॉश' संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबलचा आवाज आठ तास सहन करण्याजोगा, तर १०० डेसिबलचा जेमतेम पंधरा मिनिटे. आतल्या कानाची एकदा गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही. आपण नाक मुरडून दूर बसतो, आणि आपली मुले ऐकू जाण्याच्या धडपडीत ऐकण्याची शक्तीच गमावून बसण्याचा धोका पत्करतात. तेव्हा येत्या संमेलनात निषेध नोंदवण्यापूर्वी ध्वनिचाचणीला तासभर येऊन बसावे, एवढीच आमची सहकाऱ्यांना विनंती. आणि मुलांना एवढेच सांगणे : आधी जागा शोधा, मग आवाज.