रत्नागिरीस जावें तें राहण्यासाठीं

यात्रा आणि प्रवास हे दोन शब्द आपण बहुधा एकाच अर्थानें वापरतों. परंतु त्यांचे मूळ धातु भिन्न आहेत. 'या' म्हणजे जाणें; त्यावरून यात्रा. 'वस्' म्हणजे राहणें; त्यावरून प्रवास, म्हणजे घर सोडून परस्थळीं राहणें. निवास, वसति, इतकेंच काय पण निर्वासित हा शब्दही त्याच धातूचा. वर्गांत हा भेद सांगितला म्हणजे मुलें तो पाठ करीत आणि परीक्षा संपली कीं विसरून जात. आज तो पुनः सांगण्याचें कारण असें कीं, आमच्या सातारा-सांगलीकडील कुटुंबें कोंकणाची यात्रा पुष्कळ करितात. कोंकणचा प्रवास मात्र क्वचितच करितात.

सांगलीच्या एका वाचक भगिनींचें पत्र आम्हांस नुकतेंच आलें आहे. पंधरा माणसांचें घर. गेल्या वैशाखांत सारीं गणपतिपुळ्यास गेलीं. बरोबर शेगडी, पातेलीं, तांदूळ, पिठाचे डबे. त्या लिहितात कीं, दोन दिवसांत समुद्र पाहिला तो भांडीं विसळतांना मागील दारांतून. रत्नागिरी शहर तर मोटारीच्या कांचेंतूनच मागें पडलें. यंदाही तोच बेत चालला आहे. आपण येत नाहीं म्हटलें तर वडील मंडळींस वाईट वाटेल, आणि गेलें तर घरची चूल सोडून परगांवच्या चुलीपुढें बसावयाचें. तेव्हां काय करावें?

हा प्रश्न एका घरचा नाहीं, म्हणून उत्तर येथें देतों. त्यांनीं अवश्य जावें. मात्र साऱ्या कुटुंबानें यात्रेस प्रवासाची जोड द्यावी. गणपतिपुळ्याच्या अगोदर तीन रात्री रत्नागिरी शहरांत काढाव्या, आणि शेगडी घरींच ठेवावी.

प्रथम, रत्नागिरीच कां? आमच्या दोन्ही शहरांचा तिकडे ऋणानुबंध आहे. सांगली, मिरज येथील पटवर्धनांचे मूळपुरुष हरभट हे रत्नागिरीजवळील कोतवडें गांवचे. म्हणूनच गणपति हें त्या घराण्याचें दैवत झालें आणि सांगलीस कृष्णेकांठीं त्याचें देऊळ उभें राहिलें. साताऱ्याच्या शाहू महाराजांनीं १७१३ सालीं ज्यांस पेशवाई दिली ते बाळाजी विश्वनाथ श्रीवर्धनचे, म्हणजे कोंकणपट्टींतीलच. देशावर नांवारूपास आलेल्या कित्येक घराण्यांचें पहिलें अंगण समुद्राकडे तोंड करून होतें. तें अंगण घाईघाईनें पाहून परतणें बरें नव्हे.

वाट सोपी आहे. सांगलीकरांनीं कोल्हापूर, मलकापूर करून आंबा घाट उतरावा. पुढें साखरपें, पाली, हातखंबा आणि मग रत्नागिरी. अंतर सुमारें १७५ किलोमीटर. सातारकरांस पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट, चिपळूण, संगमेश्वर ही वाट सोईची. ती बरीच लांब आहे, तेव्हां न्याहारी करूनच निघावें. स्वतःची मोटार नसल्यास एस. टी. आहेच. दिवस निवडतांना मार्गशीर्षापासून माघापर्यंतचा काळ उत्तम. ऊन सौम्य असतें, वृद्धांस त्रास होत नाहीं. आंब्यासाठींच जावयाचें तर चैत्र-वैशाख, पण तेव्हां घाम आणि गर्दी दोन्हीं सोसावीं लागतात. पावसाळ्यांत घाटांत दरडी कोसळतात. लहान मुलें व म्हातारीं माणसें घेऊन त्या दिवसांत जाऊं नये.

आतां पाहण्याचें. पोंचल्या दिवशीं कांहीं न योजितां सायंकाळीं मांडवीच्या किनाऱ्यावर जाऊन बसावें. तेथील वाळू काळसर आहे. किल्ल्याच्या दुसऱ्या अंगास गेलें कीं तीच पांढरी होते. हें मुलांस दाखवावें आणि कारण त्यांनाच शोधूं द्यावें.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं लोकमान्य टिळकांचें जन्मस्थान पाहावें. २३ जुलै १८५६ रोजीं ते येथें जन्मले. त्यांचे वडील गंगाधरपंत हे शाळामास्तर आणि संस्कृताचे जाणकार. त्यांची बदली पुण्यास झाली तेव्हां, १८६६ सालीं, दहा वर्षांचें तें मूल रत्नागिरी सोडून गेलें. घर कोंकणी धर्तीचें, उतरत्या कौलारू छपराचें आहे. शिक्षकाच्या बेताच्या मिळकतींत केवढें माणूस वाढूं शकतें हें त्या खोल्या पाहून कळतें.

तेथून थिबाच्या राजवाड्यास जावें. ब्रह्मदेशचा हा शेवटचा राजा. इंग्रजांनीं १८८५ सालीं त्याचें राज्य घेतलें आणि पुढच्याच वर्षीं त्यास कुटुंबासह रत्नागिरीस आणून ठेविलें. हा वाडा बांधून झाला १९१० सालीं. १९१६ च्या डिसेंबरांत राजा वारला. म्हणजे तीस वर्षांच्या वास्तव्यांत जेमतेम सहा वर्षें तो ह्या वाड्यांत राहिला. राणी सुपयालत १९१९ सालीं मायदेशीं परतली. राजाची समाधि मात्र ह्याच शहरांत आहे. आतां वाड्यांत सरकारी संग्रहालय आहे. आरंभीं सांगितलेल्या धातूचा कठोर अर्थ येथें समजतो. आपण हौसेनें तीन रात्री राहतों. ह्या माणसास समोर समुद्र दिसत असून तो ओलांडतां आला नाहीं.

तिसऱ्या दिवशीं उन्हाच्या आधीं रत्नदुर्ग गांठावा. घोड्याच्या नालासारखा आकार, तीन बाजूंस समुद्र, बालेकिल्ल्यांत भगवतीचें देऊळ. तटावरून एकीकडे दीपगृह, दुसरीकडे मिरकरवाड्याच्या बंदरांत नांगरलेल्या मासेमारीच्या होड्या दिसतात. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनीं देवळाच्या आवारांत बसावें. वारा तेथेंही पुरेसा मिळतो. परततांना मुलांस झाडगांवचें मत्स्यालय दाखवावें. तेथील देवमाशाचा सांगाडा पाहिल्यावर शाळेच्या पुस्तकांतील चित्र किती लहान होतें हें त्यांस आपोआप उमगतें.

चौथ्या दिवशीं आरे-वारेच्या किनाऱ्यालगतच्या रस्त्यानें गणपतिपुळ्यास जावें. अंतर सुमारें २५ किलोमीटर. येथें डोंगरासच देवाचें रूप मानितात, म्हणून प्रदक्षिणा साऱ्या डोंगरास घालावी लागते. जवळच मालगुंड येथें कवि केशवसुतांचें जन्मस्थान व स्मारक आहे. मराठी घरानें तेथें अर्धा तास द्यावा. एक सूचना कळकळीची: ह्या किनाऱ्यांवर समुद्र दिसतो तितका सौम्य नाहीं. पाय भिजवावे, पोहण्यास जाऊं नये.

आतां राहण्याविषयीं. आमच्या लोकांची पहिली कल्पना अशी कीं, कोंकणांत कोणी चुलत-आत्तेघर असेल तर तेथेंच उतरावें. ह्यांत प्रेम आहे हें खरें. परंतु आंब्याच्या दिवसांत कोंकणांतील घर म्हणजे एक कारखानाच असतो. आंबे उतरविणें, निवडणें, पेट्या भरणें, साटें घालणें, फणस फोडणें, आणि त्यांतच देशावरून पंधरा माणसें! यजमानीण 'या, या' म्हणते, पण तिची पाठ काय म्हणते तें कोणी ऐकत नाहीं. नातेवाइकांकडे जावें तें दुपारीं घटकाभर; सातारकरांनीं कंदी पेढे न्यावे, सांगलीकरांनीं हळद आणि बेदाणे. भेटीची गोडी त्यानें वाढते.

मुक्काम मात्र पैसे देऊन करावा. शहरांत लहानमोठीं निवासस्थानें पुष्कळ आहेत. शिवाय कित्येक कुटुंबें आपल्या घरांतील एकदोन खोल्या प्रवाशांस देतात. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर गॉलवे नांवाचें शहर आहे. तिकडे अशा घरगुती खोल्या आणि यजमानांच्या हातची सकाळची न्याहारी ही पद्धत चांगली रुळलेली आहे. आपल्याकडे महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची निवास-न्याहारी योजना त्याच धर्तीची. खोल्या ठरवितांना तीन गोष्टी आधींच विचाराव्या: म्हाताऱ्यांस जिने किती चढावे लागतील, पाणी चोवीस तास आहे कीं काय, आणि सकाळचा चहा खोलींत मिळेल काय. ही तिसरी गोष्ट क्षुल्लक वाटेल. पण चहा मिळाला नाहीं कीं घरची सून पहांटे उठून शेगडी शोधूं लागते, आणि तेथूनच सारें पूर्ववत् सुरू होतें.

जेवणाचा प्रश्न नाजूक आहे हें आम्ही जाणतों. बाहेरचें कसें चालेल, कोणीं शिजविलें असेल, अशी शंका वडील मंडळी काढतात. ह्या शंकेचें उत्तर रत्नागिरीनेंच पूर्वीं देऊन ठेविलें आहे. सावरकर १९२४ पासून १९३७ पर्यंत ह्या जिल्ह्यांत स्थानबद्ध होते. त्या काळांत येथें सहभोजनें झालीं. १९३१ सालीं भागोजीशेट कीर ह्यांच्या द्रव्यसाहाय्यानें सर्व जातींस खुलें असें पतितपावन मंदिर उभें राहिलें. १९३३ सालीं सर्व जातींच्या हिंदूंसाठीं उपाहारगृहही निघालें. जो वाद ह्या गांवानें इतक्या वर्षांपूर्वीं निकालांत काढला तो आपण पातेल्यांबरोबर बांधून न्यावा काय? मंदिर शहरांतच आहे. वडिलांस आधीं तेथें न्यावें, मग खानावळींत.

खानावळही अशी निवडावी कीं कोंकणचें जेवण कोंकणच्या हातचें मिळेल. तांदळाची भाकरी, कुळथाचें पिठलें, फणसाची भाजी, ओल्या काजूंची उसळ, सोलकढी, उकडीचे मोदक. शाकाहारी जेवण वेगळ्या स्वयंपाकघरांत होतें कीं नाहीं तें विचारण्यांत संकोच धरूं नये. हापूस घेतांना वासानें आणि देंठाजवळून पारखावा. ह्या आंब्यास २०१८ सालीं भौगोलिक निर्देशनाची नोंदणी मिळाली, तेव्हांपासून रत्नागिरीचें नांव लावून दुसरा माल विकणें कायद्यानें मना आहे, पण मना असलेलें सारेंच थांबतें असें नाहीं. एखाद्या आजींस परान्न वर्ज्य असेल तर त्यांच्यापुरतें दूध, फळें, भाजलेलें पीठ बरोबर असावें. एकीचा नेम साऱ्या घराची चूल होऊं नये, आणि तिच्या नेमाची थट्टाही होऊं नये.

खर्च वाढेल, असें घरचे हिशेबनीस म्हणतील. वाढेल खरा. उपाय असा: तीन वर्षांत तीनदां धांवत जाण्याऐवजीं एकदांच जावें आणि नीट राहावें. आणि हिशेब मांडतांना एक रकाना नेहमीं कोरा राहतो तोही भरावा. पंधरा माणसांचीं दोन वेळचीं जेवणें, चार दिवस, मोलानें करून घेतलीं असतीं तर काय पडलें असतें? तो आंकडा आजवर घरांतील सुनांनीं गुपचूप भरला, म्हणून यात्रा स्वस्त वाटली.

ही गोष्ट सुनेनें बोलावी अशी अपेक्षा करूं नये. तिनें बोललें तर तो आळस ठरतो. ती सासऱ्यांनीं अथवा थोरल्या दिरांनीं बोलावी. 'यंदां शेगडी न्यावयाची नाहीं' एवढें एक वाक्य घरांतील कर्त्या पुरुषानें जेवतांना सर्वांदेखत उच्चारलें कीं काम झालें. पत्र लिहिणाऱ्या भगिनींनीं हा अंक माजघरांत न ठेवतां बैठकींत ठेवावा, इतकीच त्यांस सूचना.

परत आल्यावर घरांत एक लहानशी परीक्षा घ्यावी. आमची जुनी खोड आहे, ती वाचक सोसतील. मुलांस विचारूं नये, पुरुषांस विचारूं नये. घरच्या थोरल्या सुनेस विचारावें कीं, मांडवीस सूर्य बुडाला तेव्हां पाण्याचा रंग कसा होता. तिनें क्षणभर आठवून सांगितलें तर प्रवास झाला असें समजावें.