धूर गेला, निकोटिन राहिले

गेल्या दिवाळीत लंडनहून आलेल्या भाच्याने माझ्यासमोर पेनासारखी दिसणारी एक वस्तू ठेवली. "मामा, सिगारेट सुटत नाही ना? मग निदान ही ओढा. राख नाही, डांबर नाही. आमच्याकडे सरकारच देते." वृत्तपत्राच्या रात्रपाळीत जडलेले माझे व्यसन आणि गेल्या काही वर्षांचा मधुमेह, दोन्ही त्याला ठाऊक आहेत. त्याच्या आपुलकीविषयी शंका नाही.

त्याचे म्हणणे सर्वस्वी चूकही नव्हते. २००३च्या सुमारास होन लिक या चिनी औषधतज्ज्ञाने घडविलेल्या या उपकरणात तंबाखू जळत नाही. बॅटरीवर तापलेली तार निकोटिनयुक्त द्रवाची वाफ करते. त्यामुळे सिगारेटमधील डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड बव्हंशी टळतात. इंग्लंडमध्ये २०२३ साली दहा लाख धूम्रपान करणाऱ्यांना अशी उपकरणे देण्याची योजना जाहीर झाली, ती याच हिशेबाने.

परंतु मधुमेहीचा हिशेब निराळा आहे. त्याचे वैर केवळ धुराशी नाही, निकोटिनशीही आहे. निकोटिन शरीरात गेले की ॲड्रिनलिन वाढते, यकृत साखर सोडू लागते आणि पेशी इन्शुलिनला पुरेसा प्रतिसाद देईनाशा होतात. रक्तवाहिन्या आकुंचन पावतात ते वेगळेच. ज्याच्या पायांची संवेदना आधीच मंदावली आहे, चप्पल निसटली तरी ज्याला समजत नाही, त्याच्या पायाची जखम रक्ताअभावी चिघळली तर पुढे काय होते, हे कोणत्याही शल्यविशारदास विचारावे. धूम्रपान करणाऱ्यांना दुसऱ्या प्रकारचा मधुमेह होण्याची शक्यता इतरांहून ३० ते ४० टक्क्यांनी अधिक असते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत. त्यांतील सिगारेट ओढणाऱ्यांनी वाफेकडे वळून 'मी सुटलो' असे समजणे, ही स्वतःचीच फसवणूक होय.

शिवाय आपल्याकडे हा मार्ग कायद्यानेही बंद आहे. २०१९च्या कायद्याने ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री व जाहिरात यांवर बंदी घातली. पहिल्या अपराधास एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, वा दोन्ही. बंदी योग्यच, कारण फळांच्या स्वादाची ही वाफ कोवळ्या मुलांना ओढते. मात्र वाफ निषिद्ध आणि धूर राजरोस, हा न्याय मला उमगत नाही. महाराष्ट्रात सुट्या सिगारेटच्या विक्रीस २०२० पासून मनाई आहे. आमच्या कोपऱ्यावरच्या टपरीवाल्याला ही वार्ता अद्याप पोहोचलेली नाही! (आणि मिश्री लावणाऱ्या आपल्या आयाबहिणींचे काय? तंबाखूच ती. तो विषय पुन्हा केव्हा तरी.)

मग करावे काय? निकोटिनचे च्युइंगगम औषधाच्या दुकानात मिळते. त्यातही निकोटिन असतेच; पण त्याची मात्रा मोजलेली आणि मुदत साधारण बारा आठवड्यांची. वाफेला अशी मुदत नाही, तिचा झुरका चोवीस तास खिशात असतो. मधुमेहीने मात्र हेही डॉक्टरांना विचारूनच घ्यावे. सिगारेट सोडल्यावर भूक वाढते, वजन चार-पाच किलोंनी चढू शकते, काही काळ साखरही वर जाते. पुष्कळ जण येथेच घाबरून माघारी फिरतात. उलट, पुढे इन्शुलिन अधिक चांगले लागू पडू लागले तर साखर एकाएकी उतरण्याचाही संभव असतो. म्हणून या काळात तपासणी वरचेवर करावी, औषधाची मात्रा स्वतःच्या मनाने बदलू नये. १८००-११-२३५६ या राष्ट्रीय क्रमांकावर विनामूल्य सल्लाही मिळतो.

भाच्याला त्याची वस्तू मी परत केली. तो थोडा हिरमुसला. सध्या रोज सकाळी उपाशीपोटीची साखर वहीत लिहितो. शेजारी सिगारेटसाठी एक रकाना आखला आहे. काल त्यात 'दोन' लिहावे लागले.