‘थांबव ते’ म्हणणं आधी थांबवा

मी शाळेत शिकवते. डोळे मिचकावणाऱ्या, मान झटकणाऱ्या, घशातून आवाज काढणाऱ्या मुलाला बाकावर उभं केलेलं पाहिलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. शिस्तीच्या नावाखाली चाललेला हा छळ आहे.

त्या मुलाला टुरेट सिंड्रोम असू शकतो. जिल द ला टुरेट या फ्रेंच डॉक्टरने १८८५ साली नऊ रुग्णांच्या नोंदींसह तो मांडला. मेंदूत हालचालींवर ताबा ठेवणाऱ्या यंत्रणेतला हा बिघाड आहे, त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. तरी आजही आपण त्या आईलाच विचारतो, ‘घरी वळण लावत नाही का हो?’

शिक्षकांचा आवडता युक्तिवाद असा: ‘साहेब तपासणीला आले तेव्हा बरा गप्प बसला होता! म्हणजे जमतं त्याला.’ हो, जमतं, थोडा वेळ. टिकच्या, म्हणजे अशा अनावर हालचालीच्या किंवा आवाजाच्या, आधी बहुतेकांना आतून असह्य अस्वस्थता जाणवते, शिंक येण्याआधी जाणवते तशी. ती दाबण्यात मुलाचं सगळं लक्ष खर्च होतं. तुमचा धडा त्याच्या कानांवरून जातो, आणि मग ‘अभ्यासात लक्ष नाही’ हा शेराही तुम्हीच मारता.

टिक साधारण पाच ते सात वर्षांच्या वयात सुरू होतात, दहा ते बाराच्या सुमारास सर्वांत जोरात असतात आणि पुढे बहुतेकांच्या बऱ्याच कमी होतात. ताणाने त्या वाढतात. म्हणजे ज्या वयात मुलाला सांभाळून घ्यायचं, नेमक्या त्याच वयात आपण त्याला चारचौघांत झापून टिक वाढवतो.

घरीही वेगळं नाही. मिचकावण्यासाठी डोळ्यांचा डॉक्टर, खाकरण्यासाठी कफाचं औषध, मग दृष्ट, अंगारा, शेवटी मार. सिनेमाने डोक्यात भरवलेली शिवीगाळ दिसत नाही, म्हणून टुरेटची शंकाही येत नाही; प्रत्यक्षात तसे शब्द तोंडून निघतात ते दहा-पंधरा टक्के रुग्णांच्याच. टुरेट असलेल्या शिक्षिकेवरचा २०१८चा ‘हिचकी’ सिनेमा पाहून डोळे पुसणारेच दुसऱ्या दिवशी वर्गात त्या मुलाची नक्कल खपवून घेतात. त्या अश्रूंची मला किंमत वाटत नाही.

करायचं काय, ते अवघड नाही. टिककडे बोट दाखवू नका. मूल मागेल तेव्हा त्याला वर्गाबाहेर जाऊ द्या. परीक्षेला वेगळी खोली आणि जादा वेळ द्या. त्याची व पालकांची संमती घेऊन वर्गाला खरं काय ते सांगा. नक्कल करणाऱ्याला तिथल्या तिथे रोखा. मेंदूविकारतज्ज्ञांकडे पाठवा, सोबत अतिचंचलता किंवा मंत्रचळ आहे का, हेही तपासलं पाहिजे, कारण अनेकदा टिकपेक्षा त्यांचाच त्रास जास्त असतो. टिक आवरायला वर्तनोपचार आहेत, गरज पडली तर औषधंही आहेत. छडी हा उपचार नाही.

ज्याला एवढंही जमत नाही, त्याने मुलांना संयम शिकवण्याच्या गोष्टी करू नयेत.